स्कायरिमसारखे गेम मुलांना खेळू द्यावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जादू, ड्रॅगन, तलवारी आणि मनसोक्त भटकायला मोकळं जग असलेल्या गेमबद्दल पालक विचारतात तेव्हा बहुतेकांच्या तोंडी एकच नाव असतं: स्कायरिम. गेम नोव्हेंबर २०११ मधला आहे, पण सेलमध्ये स्वस्त मिळतो, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो, त्यामुळे सातवी-आठवीतल्या मुलांपर्यंत सहज पोहोचतो. म्हणून इथली उत्तरं मुख्यतः स्कायरिम समोर ठेवून दिली आहेत. दुसरा गेम असेल तर प्रश्न हेच विचारा, उत्तरं तेवढी बदलतील. मला हे गेम मनापासून आवडतात, आणि म्हणूनच ते नको त्या वयात मुलाच्या हातात पडू नयेत असं वाटतं.

१. रोल-प्लेइंग गेम म्हणजे नक्की काय? क्रिकेटच्या किंवा गाड्यांच्या गेमपेक्षा तो वेगळा कसा?

यात मूल आधी स्वतःचं पात्र घडवतं. चेहरा, वंश, नाव सगळं ठरवतं. मग त्या पात्राच्या वतीने निर्णय घेत जातं: कुठे जायचं, कोणाला मदत करायची, खरं बोलायचं की थाप मारायची. पात्राची ताकदही त्या निर्णयांप्रमाणे वाढते.

स्कायरिममधल्या रिव्हरवुड या सुरुवातीच्याच एका गावातलं उदाहरण घ्या. गावातला गायक स्वेन आणि धनुर्धारी फेंडाल, दोघांचंही दुकानदाराच्या बहिणीवर, कॅमिलावर प्रेम आहे. स्वेन खेळाडूच्या हातात एक पत्र ठेवतो. ते फेंडालच्या नावाने खोटंच लिहिलेलं, कॅमिलाला वाचून चीड येईल असं पत्र असतं. फेंडालकडे गेलात तर तोही असंच खोटं पत्र देतो, स्वेनच्या नावाचं. मूल ते पत्र पोहोचवू शकतं किंवा कॅमिलाला जाऊन सगळं खरं सांगू शकतं. दोन्ही वाटांनी एक मित्र आणि लढाईतला साथीदार मिळतोच. खोटं बोलल्याची शिक्षा नाही, खरं बोलल्याचं जास्तीचं बक्षीसही नाही.

असा गेम तपासताना पडद्यावर काय दिसतं एवढंच बघून भागत नाही. मूल स्वतःच्या हाताने काय करतं आणि त्याबद्दल गेम त्याला काय देतो, हे बघावं लागतं. पुढच्या बहुतेक उत्तरांचा आधार हाच आहे.

२. डिस्कवर ‘एम’ लिहिलंय, दुसरीकडे ‘१८’ दिसतं. कोणतं खरं धरायचं?

दोन्ही खरी आहेत, संस्था वेगळ्या आहेत. ‘एम’ हे अमेरिकेतल्या ईएसआरबीचं रेटिंग, म्हणजे १७ वर्षं आणि पुढे. त्यांचं ‘ई’ सगळ्यांसाठी, ‘ई १०+’ दहाच्या पुढे, ‘टी’ तेराच्या पुढे. युरोपात २००३ पासून पेगीची पद्धत आहे: ३, ७, १२, १६, १८. त्यामुळे न्यू जर्सीच्या मावशीने पाठवलेल्या डिस्कवर एक खूण असते आणि लंडनच्या काकांनी आणलेल्या डिस्कवर दुसरी.

भारतात सिनेमाला असतं तसं गेमसाठी सेन्सॉर बोर्ड नाही. इथे आपण परदेशी खुणांवरच चालतो. प्ले स्टोअरवर दिसणारे ३+, ७+, १२+ हे आकडे गेम बनवणाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावलीवरून ठरतात.

स्कायरिमला अमेरिकेत १७, युरोपात पेगीचं १८, जर्मनीत १६ आणि ऑस्ट्रेलियात १५ असं वय दिलं आहे. गेम एकच, आकडे चार. म्हणून आकड्याबरोबर दिलेल्या ओळीही वाचा. अमेरिकेच्या नोंदीत रक्तपात, तीव्र हिंसा, लैंगिक विषय आणि दारू अशा चार गोष्टी दिल्या आहेत. तुमच्या घरात यातली कोणती जास्त खटकते, ते तुम्हालाच ठाऊक. दोन गोष्टी मात्र रेटिंग सांगत नाही: गेम किती अवघड आहे, आणि ऑनलाइन खेळताना समोरचा माणूस काय बोलेल.

३. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही. मी कसं तपासू?

गेम खेळता येणं गरजेचं नाही. आधी ईएसआरबीच्या साइटवर गेमचं नाव टाका. बहुतेक गेमसाठी तिथे काय दाखवलं आहे याचं एका परिच्छेदाचं वर्णन मिळतं, अगदी संवादांच्या नमुन्यांसकट. मग यूट्यूबवर कोणी मधे न बोलता खेळलेला त्या गेमचा व्हिडिओ काढा आणि सुरुवातीचा अर्धा तास बघा. त्यानंतर बरंच पुढचं, दहाव्या-बाराव्या तासाचं काहीतरी बघा. हे दुसरं बघणं पालक टाळतात आणि तिथेच फसतात, कारण या गेमची सुरुवात आणि मध्य यांत फार फरक असतो.

तिसरी गोष्ट मुलासोबत करायची. कंट्रोलर, म्हणजे खेळायचा रिमोट, त्याच्या हातात, तुम्ही शेजारी, आणि तुम्ही फक्त विचारायचं: हा कोण? तुला याच्याकडून काय हवंय? नाही म्हटलंस तर काय होईल? मुलं अशा वेळी भरभरून बोलतात. त्या बोलण्यातून रेटिंगपेक्षा जास्त कळतं.

४. थेट सांगा, स्कायरिम कितव्या वर्षी चालेल?

माझं मत: चौदाच्या आत नाही. चौदा ते सोळा या वयात घरातलं कोणी मोठं माणूस गेमशी परिचित असेल आणि गेम बैठकीच्या खोलीत चालत असेल तर विचार करावा. सोळा-सतराच्या पुढे बहुतेक मुलांना तो पेलतो. हे अधिकृत रेटिंगपेक्षा थोडं सैल आहे, याची मला कल्पना आहे. तुम्ही रेटिंग काटेकोर पाळणार असाल तर तेही बरोबरच आहे, त्यासाठी मुलापुढे संकोचायचं कारण नाही.

हा अंदाज स्कायरिमपुरता. द विचर ३ आणि बाल्डर्स गेट ३ यांत उघड लैंगिक दृश्यं आहेत. ते अठराच्या आत देऊ नका.

५. हिंसा नेमकी किती आहे? ‘तलवारबाजी आहे’ म्हणतात, म्हणजे कार्टूनसारखी का?

नाही, कार्टूनसारखी नाही. गेम सुरू होतो तो हात बांधलेल्या कैद्यांना घेऊन जाणाऱ्या घोडागाडीत. गाडी हेलगन गावात पोहोचते, नावं वाचली जातात, आणि एका कैद्याचं डोकं ठोकळ्यावर ठेवून कुऱ्हाडीने उडवतात. मग पाळी खेळाडूची. मान ठोकळ्यावर, डोळ्यांसमोर कुऱ्हाड उचललेली, आणि तेवढ्यात ड्रॅगन येतो. तिथून पळताना किल्ल्यातल्या छळाच्या कोठडीतून जावं लागतं. हे सगळं अगदी सुरुवातीचं आहे आणि टाळता येत नाही. हे बघताना तुमचं मूल तोंड फिरवेल असं वाटत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

पुढच्या बहुतेक लढाया लांडगे, दरोडेखोर, मोठाले कोळी आणि थडग्यांतून उठणारी प्रेतं यांच्याशी होतात. रक्त उडतं. कधी शेवटच्या घावाला कॅमेरा बाहेर येऊन संथ गतीने तलवार आरपार जाताना दाखवतो. पात्राचं कौशल्य वाढवलं की मुंडकंही उडतं. मेलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे आणि चीजवस्तू काढून घेणं हा तर रोजचाच उद्योग. रक्त बंद करण्याची सोय गेमच्या नेहमीच्या मेनूत नाही. गेममधल्या लहान मुलांना मात्र मारता येत नाही.

६. पण राक्षस तर रामायणातही मारतात. नृसिंहाने पोट फाडल्याची गोष्ट आम्ही लहानपणी ऐकलीच की. मग इथेच काय बिघडलं?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण तो विचारणारे पालक मुळावर बोट ठेवतात. आजीकडून गोष्ट ऐकणारं मूल हिरण्यकश्यपूचं चित्र मनात स्वतःच काढतं, झेपेल तेवढंच काढतं. शिवाय मारणं का झालं, त्याआधी प्रल्हादाने किती सोसलं, हे त्या गोष्टीत घट्ट विणलेलं असतं. आजी योग्य जागी थांबते, मूल घाबरलं तर त्याला जवळ घेते.

गेममध्ये चित्र दुसऱ्याने काढलेलं, आणि बटण दाबणारं बोट मुलाचं. बऱ्याचदा मारण्यामागे कारणही नसतं, समोरचा फक्त वाटेत आलेला असतो. स्कायरिममधली एक गोष्ट मला कायम खटकते. फार घायाळ झालेला शत्रू कधीकधी गुडघे टेकतो, शरण आलो म्हणतो. तुम्ही हात आवरलात तर थोड्या वेळाने तोच उठून पुन्हा अंगावर येतो. चार-पाचदा असं झालं की मूल दया करणं सोडून देतं, कारण गेममध्ये तिला किंमतच नाही. २०१५ च्या अंडरटेल या छोट्याशा गेममध्ये नेमकं उलटं आहे. तिथे प्रत्येक लढाईत ‘दया’ हा पर्याय समोर असतो, आणि कोणाला मारलं, कोणाला सोडलं यावर शेवट बदलतो.

राक्षस मारणं म्हणजे वाईट, असं माझं म्हणणं नाही. मारण्याशिवाय दुसरा मार्ग गेम देतो का, आणि दिला तर तो खरा असतो का, एवढं बघा.

७. यात दैत्यांची पूजा, बळी, प्रेतं उठवणं असं सगळं आहे म्हणे. मुलाच्या संस्कारांवर परिणाम होईल का?

गेममधले देवधर्म पूर्ण काल्पनिक आहेत. नऊ देव आहेत, त्यांची देवळं आहेत, आणि टॅलोस नावाच्या एका देवाच्या पूजेवर बंदी घातल्यामुळे यादवी पेटलेली आहे. पंधरा-सोळाच्या मुलाशी धर्म आणि सत्ता यावर बोलायला हा विषय खरोखर चांगला आहे. प्रेत उठवण्याची जादू वेताळाच्या गोष्टींवर वाढलेल्या घराला नवी नाही. काल्पनिक देवळात हात जोडल्याने कोणाची श्रद्धा हलते असं मला वाटत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. डेड्रा नावाच्या शक्ती खेळाडूला कामं सांगतात आणि बदल्यात दुर्मीळ शस्त्रं देतात. मेरिडियाचं काम साधं आहे, तिच्या देवळातली प्रेतं हटवायची. पण नामीराच्या कामात नरमांसाची मेजवानी आहे. बोएथियाच्या कामात आपल्यावर विश्वास ठेवून सोबत चालणाऱ्या साथीदाराचा बळी द्यायचा असतो. मार्कार्थ शहरातल्या एका घरात मोलाग बाल एका म्हाताऱ्या पुजाऱ्याला गदेने मारायला लावतो. ही कामं मुख्य कथेत नाहीत, न करता गेम पूर्ण होतो. तरी बक्षीस मोठं असल्यामुळे मुलं ती करतातच. या तीन जागा पालकांना आधीच माहीत असाव्यात.

८. माझा मुलगा गेममध्ये चोऱ्या करतो, निरपराध लोकांना मारतो. घरी तर अगदी शांत आहे. काळजी करू का?

केवळ यावरून नको. जिथे खरं कोणाचं नुकसान होत नाही तिथे सीमा ओलांडून बघणं या वयात होतंच. गेमही त्याला अडवतो: दुसऱ्याच्या वस्तूचं नाव लाल अक्षरांत दिसतं, पकडलं गेल्यावर दंड लागतो, शिपाई येतात, तुरुंगात जावं लागतं.

जास्त लक्ष द्यायचं ते गेम जिथे अडवत नाही, उलट हात धरून नेतो, अशा जागांकडे. विंडहेल्म शहरात ॲव्हेंटस नावाचा लहान मुलगा बंद घरात मेणबत्त्यांच्या वर्तुळात बसून हाडं-मांसाच्या पुतळ्यावर सुरा चालवत मंत्र म्हणत असतो. त्याला मारेकरी बोलवायचा आहे. तो ज्या अनाथाश्रमातून पळून आला तिथल्या ग्रेलोड नावाच्या बाईचा त्याला खून करवून घ्यायचा आहे. खेळाडू रिफ्टन शहरातल्या आश्रमात जातो तेव्हा दिसतं की बाई खरंच दुष्ट आहे, मुलांना धाकात ठेवते, शिव्या घालते. खेळाडूने तिला मारलं की आश्रमातली मुलं आनंदाने ओरडतात. इथून मारेकऱ्यांच्या टोळीचं दार उघडतं, आणि पुढची कामं पैसे घेऊन खून करण्याची आहेत.

लेखनाच्या दृष्टीने हा प्रसंग फार ताकदीचा आहे. सतरा वर्षांच्या मुलाला तो विचारात पाडतो. अकरा वर्षांच्या मुलाला तो एवढंच सांगून जातो की वाईट माणसाला मारलं की सगळे टाळ्या वाजवतात. तुमचं मूल इथवर पोहोचलं असेल तर रागावण्याआधी विचारा: तू तिला का मारलंस? तुला काय वाटलं? ‘बरोबर केलं का माहीत नाही’ असं उत्तर आलं तर मला ते मूल त्या गेमसाठी तयार वाटतं. समोरच्याला त्रास देण्यातली मजाच तो रंगवून सांगत असेल, आणि शाळेत किंवा घरी प्राण्यांशी, भावंडांशी वागणंही बदललं असेल, तर गेम बाजूला ठेवून समुपदेशकाशी बोला.

९. प्रेम, लग्न, अश्लीलता, दारू?

मूळ गेममध्ये नग्नता नाही. पात्रांचे कपडे काढले तरी अंतर्वस्त्रं राहतात. लग्न करता येतं, देवळात विधी होतो, समलिंगी जोडीदारही निवडता येतो. २०१२ मध्ये आलेल्या पुरवणीत घर बांधता येतं आणि अनाथ मुलं दत्तक घेता येतात. हा भाग गोड आहे. द्व्यर्थी बोलणं काही ठिकाणी आहे, विशेषतः रिफ्टनमध्ये. दारू सर्रास आहे, स्कूमा नावाचं काल्पनिक अमली पेयही आहे. मला यातलं काहीच हिंसेएवढं गंभीर वाटत नाही. पण मॉड टाकले की हे उत्तर बदलतं, पुढचा प्रश्न बघा.

१०. मॉड म्हणजे काय? मुलगा म्हणतो त्याने गेम ‘छान दिसतो’ एवढंच होतं.

मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनी स्वतः बनवून वाटलेले बदल. छान दिसणारे डोंगर आणि पाणी हे खरंच मॉडमध्ये मिळतं, शिकण्यासारखंही त्यात पुष्कळ आहे. पण कॉम्प्युटरवर स्कायरिमचे पूर्ण नग्नतेचे आणि उघड लैंगिक मॉडही ढिगाने आहेत, आणि डिस्कवरचं कोणतंच रेटिंग त्यांना लागू नाही. म्हणून कॉम्प्युटरवरचा स्कायरिम आणि कन्सोलवरचा, म्हणजे फक्त गेमसाठी टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचा स्कायरिम हे पालकांनी दोन वेगळे गेम समजावेत. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर मॉड गेमच्या मेनूतूनच घ्यावे लागतात आणि तिथे नग्नता चालत नाही. प्लेस्टेशनवर तर बाहेरून आणलेली नवी चित्रं-आकृतीही टाकता येत नाहीत. मूल सोळाच्या आतलं असेल तर मला कन्सोल बरा वाटतो.

११. खेळताना अनोळखी लोक बोलतील का?

स्कायरिममध्ये नाही. तो एकट्याने खेळायचा गेम आहे, त्यात चॅट नाही. ही त्याची मोठी जमेची बाजू. घोटाळा नावामुळे होतो. त्याच मालिकेतला द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन हा २०१४ चा गेम वेगळा आहे. तिथे हजारो खेळाडू एकत्र असतात, बोलणं चालतं, आणि पैसे देऊन नशिबावर वस्तू देणाऱ्या पेट्याही आहेत. मूल ‘एल्डर स्क्रोल्स’ मागत असेल तर नेमका कोणता, ते आधी विचारा. आणि गेमबाहेर, म्हणजे डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर, गेमच्या निमित्ताने ओळखी होतातच. कोणी फोटो मागितला, धमकावलं, तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे.

१२. गेम फुकट आहे, मग पैसे कुठून गेले?

हा प्रश्न बहुतेक वेळा गेन्शिन इम्पॅक्टबद्दल येतो. २०२० चा हा गेम दिसायला अतिशय देखणा, हिंसा सौम्य, ‘टी’ रेटिंग. हिंसेच्या दृष्टीने तेरा वर्षांच्या मुलाला तो स्कायरिमपेक्षा नक्कीच बरा. पण त्यातली नवी पात्रं सोडतीतून मिळतात. एका सोडतीला १६० रत्नं लागतात. सर्वांत दुर्मीळ पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता ०.६ टक्के, आणि नव्वदाव्या सोडतीपर्यंत एक पंचतारांकित मिळण्याची हमी. रत्नं खेळूनही मिळतात, पण हळूहळू. घाई असेल त्याने विकत घ्यायची. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने या गेमच्या कंपनीशी २ कोटी डॉलरची तडजोड केली. सोळाच्या आतल्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय नशिबावर वस्तू देणाऱ्या अशा पेट्या विकायच्या नाहीत, हीही त्यातली एक अट होती.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन मनी गेमवर बंदीचा कायदा केला, म्हणून काही पालक निर्धास्त झाले. तो कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांबद्दल आहे. सोडतीत पात्र मिळवणं ही निराळी गोष्ट आहे. मुलाच्या हातातल्या फोनवरून कार्ड आणि यूपीआय काढून टाका, प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग करा. कॉम्प्युटरचे गेम विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात कुटुंबाचं खातं केलं तर मुलाची खरेदीची विनंती तुमच्याकडे येते.

स्कायरिममध्ये सोडत नाही. विकतचे छोटे जोड मात्र मेनूत दिसतात. ते न घेता काही अडत नाही.

१३. संपतच नाही हा गेम! किती वेळ द्यावा?

खरं आहे, संपत नाही. मुख्य कथा संपली तरी गेम नवी-नवी किरकोळ कामं तयार करून देत राहतो. ‘गेम पूर्ण झाला की बंद’ हा करार म्हणून इथे चालत नाही. दिवस आणि वेळ ठरवा: शाळा असताना फक्त शनिवार-रविवार, परीक्षेआधीचा महिना अजिबात नाही, असं काहीतरी.

‘आत्ता मधेच बंद करता येत नाही’ हे वाक्य ऑनलाइन सामन्यात खरं असू शकतं. स्कायरिम थांबवता येतो आणि जवळपास कुठेही सेव्ह करता येतो. तरीही गुहेच्या ऐन मध्यात हाक मारू नका. दहा मिनिटं आधी सांगा, वाचत असलेलं प्रकरण संपवू देतो तसं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंग डिसऑर्डर आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान होऊनही खेळत राहणं, आणि हे सहसा वर्षभर टिकणं, अशी त्याची लक्षणं आहेत. सुट्टीत आठवडाभर झपाटून खेळणं म्हणजे हा आजार नव्हे. लक्षणं जुळत असतील तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळं क्लिनिक आहे.

१४. इंग्रजी सुधारेल का?

वाचणाऱ्या मुलाचं, हो. गेमभर शेकडो छोटी पुस्तकं विखुरलेली आहेत, संवाद लांबलचक आहेत, सबटायटल लावता येतात. मराठी माध्यमातली काही मुलं याच वाटेने इंग्रजी वाचायला लागलेली मी पाहिली आहेत. पण संवाद न वाचता पुढे ढकलणाऱ्या मुलाला यातून काही मिळत नाही. केवळ इंग्रजीसाठी बारा वर्षांच्या मुलाला हा गेम देऊ नका.

१५. मोठी दहावीत, धाकटा पहिलीत, आणि टीव्ही एकच. काय करायचं?

धाकट्याच्या वयाने चाला. तो झोपल्यावर किंवा तो खाली खेळायला गेल्यावर मोठीने खेळायचं. हेडफोन लावला तरी पडदा दिसतोच. आणि मोठीला तिचा वेळ खरोखर मिळेल हे बघा, नाहीतर धाकट्यामुळे तिचं सगळंच बंद होतं आणि ते अन्यायाचं आहे.

१६. मुलगा रात्री घाबरून उठतो, पण गेम सोडत नाही.

गेम थांबवायचा, निदान तूर्त. थडग्यांतली प्रेतं आणि जाळ्यातून उतरणारा महाकाय कोळी सुरुवातीच्याच गुहेत आहेत. कोळ्यांची भीती असलेल्या मोठ्यांनाही तो भाग जड जातो. भीती वाटली हे कबूल करायला मुलं लाजतात, म्हणून ‘घाबरट’ शब्द चुकूनही नको. काही महिन्यांनी पुन्हा मागेल तेव्हा दिवसा, तुमच्या शेजारी बसून बघू द्या. व्हीआर हेडसेटवरचा स्कायरिम मात्र त्याला बराच काळ नको.

१७. वर्गातले सगळे खेळतात म्हणतो. मामाकडे गेला की तिथे खेळतोच.

‘सगळे’ म्हणजे सहसा तिघं-चौघं असतात. तरी एकटं पडण्याचं दुःख खरं असतं, ते हसण्यावारी नेऊ नका. नाही म्हणताना कारण सांगा, आणि केव्हा हो म्हणाल तेही सांगा. सोबत पर्याय द्या (प्रश्न १८). मामाशी मुलाच्या माघारी बोला. भाच्याला खूश करायला तो खेळू देतो, त्यात वाईट हेतू नसतो. त्याला प्रश्न ८ मधला प्रसंग सांगितलात तर बहुधा तोच दुसरा गेम लावेल.

१८. मग लहानांना द्यायचं काय?

पोकेमॉनपासून सुरुवात करा. तिथे हरलेला प्राणी मरत नाही, बेशुद्ध होतो, आणि वाचता येऊ लागलेलं मूल खेळू शकतं. दहाच्या आसपास माइनक्राफ्ट डंजन्स, तो चौघांनी एका पडद्यावर खेळता येतो, म्हणजे आई-बाबाही आले.

स्कायरिममधलं जे मुलांना खरं हवं असतं, म्हणजे मोठं जग, डोंगर चढणं, वाट चुकणं, ते सर्वांत सुंदर मिळतं झेल्डा मालिकेतल्या २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये. रक्त नाही, मेलेला शत्रू धूर होऊन जातो. रानातून मिरच्या, भोपळे, मासे गोळा करून कढईत शिजवायचे आणि थंडीच्या डोंगरावर जाण्याआधी तिखट जेवण करून घ्यायचं, हे मुलं तासन् तास करतात. अमेरिकेत दहाच्या पुढे, युरोपात बाराच्या पुढे असं रेटिंग आहे. अडचण एवढीच की तो निन्टेंडोच्याच यंत्रांवर चालतो. इंग्रजी वाचनाची सवय असेल तर अंडरटेल (प्रश्न ६).

आपल्याकडचा म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेला राजी जरूर बघा. सर्कशीत काम करणारी मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते, दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगत असतात. तो रोल-प्लेइंग नाही, निवडी फारशा नाहीत, मारामारी आहे. पण देवळांचं आणि महालांचं चित्रण बघताना घरातली मोठी माणसंही शेजारी येऊन बसतात.

१९. मुलीला आकडी येते. असे गेम चालतील का?

आधी तिच्या डॉक्टरांना विचारा, गेम कोणताही असो. प्रकाशाच्या झपझप उघडझापीने काहींना झटका येऊ शकतो, आणि जादूच्या लढायांत अशी उघडझाप असते. वयाच्या रेटिंगमध्ये हे येत नाही.

२०. रेटिंग कमी असूनही एखादा गेम माझ्या मुलाला जड जाऊ शकतो का?

हो, आणि हे पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. नी नो कुनी हा ‘ई १०+’ रेटिंगचा गेम दिसायला हळुवार चित्रपटासारखा आहे. सुरुवातीलाच तेरा वर्षांच्या ऑलिव्हरला बुडताना वाचवणारी त्याची आई हृदयविकाराने जाते. ती परत येईल या आशेने तो जादूच्या जगात निघतो. घरात नुकतंच कोणी गेलं असेल, कोणी आजारी असेल, तर हा गेम देण्याआधी थांबा. काही मुलांना तो पुढे कधीतरी आधारही देतो, पण ती वेळ तुम्ही ओळखायची. प्रश्न ३ मधली तपासणी ‘लहान मुलांच्या’ गेमलाही करा, ती याचसाठी.

२१. आम्हाला कळलं तेव्हा बारा वर्षांच्या मुलाने लपूनछपून स्कायरिम जवळजवळ पूर्ण खेळलेला होता. आता काय?

लपवण्याबद्दल बोला, गेमबद्दल वेगळं बोला. दोन्ही एकत्र केलंत तर पुढच्या वेळी तो अधिक नीट लपवेल. त्याला एका संध्याकाळी त्याचं पात्र दाखवायला सांगा: कुठलं घर घेतलं, सोबत कोण आहे, कोणत्या टोळीत गेला. कॉम्प्युटरवर खेळला असेल तर मॉडची यादी उघडायला सांगा आणि तीही त्याच्यासोबत बघा. प्रश्न ७ आणि ८ मधले प्रसंग त्याने केले असतील तर त्याविषयी त्याला काय वाटलं ते ऐका, मधे न तोडता. त्यानंतर गेम काही वर्षांसाठी काढायचा का, की फक्त तुमच्यासमोर खेळायचा, हे ठरवा. सेव्ह केलेली फाइल मात्र पुसू नका. शंभर-दीडशे तासांचं त्याचं काम त्यात आहे. ती एका पेन ड्राइव्हवर काढा, त्याच्या देखत त्यावर त्याचं नाव लिहा, आणि कोणत्या वाढदिवसाला परत मिळेल ते सांगा.